रुखवतातला माड

दिवेआगरच्या पद्मावहिनींचं रुखवत पंचक्रोशीत प्रसिद्ध होतं, आणि गेली वीसेक वर्षं ते एकच होतं. थर्माकोलचा राजवाडा, आइसक्रीमच्या काड्यांची बैलगाडी, कापूस चिकटवलेला हिमालय आणि नारळाचे नवरा-नवरी, पैकी नवऱ्याची अर्धी मिशी गळलेली. ज्या घरी लग्न, त्या घरी हा सगळा संसार टेम्पोत बसून जायचा, मांडवात टेबलावर मिरवायचा आणि वरात निघाली की परत वहिनींच्या माळ्यावर येऊन पडायचा. तेच तेच म्हणून कोणी तक्रार केली नाही. रुखवताकडे माणसं बघतात ती त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढायचा असतो म्हणून.

मग टाळेबंदीच्या वर्षी, जूनच्या सुरुवातीला वादळ आलं. त्याचं नाव निसर्ग ठेवलं होतं. नाव ठेवणाऱ्याने ते कुठल्या मनःस्थितीत ठेवलं कोणास ठाऊक. दुपार सरेपर्यंत वहिनींच्या माळ्यावरची कौलं गेली आणि त्या वाटेने रुखवतही गेलं. राजवाडा शेजारच्या देवव्रतच्या विहिरीत तरंगताना सापडला. हिमालय सापडलाच नाही.

घरामागची वाडी मात्र जागच्या जागी होती, फक्त आडवी. पंगती उठल्यावर दमलेल्या बायका माजघरात एकमेकींना रेलून पडतात, तशा पोफळी पडल्या होत्या. त्यांच्यावर माड. वहिनींनी मागच्या दारात उभं राहून ते एकदा नीट पाहिलं, दार लावलं, कडी घातली, आणि पुन्हा ते उघडलं नाही. वाडीतली पडझड उपसायला माणसं आली ती पुढच्या अंगणाला वळसा घालून गेली. विहिरीचं पाणीही त्यांची लेक गौरी तशीच वळसा घालून आणू लागली. वहिनी स्वयंपाक करत, वाढत, भांडी लावत. बाकीचा वेळ पडवीत बसून रस्त्याकडे बघत. टाळेबंदीमुळे रस्त्यावर बघण्यासारखंही काही नव्हतं.

त्यांचे यजमान शरच्चंद्र हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी बायकोला कमी दाबाचा पट्टा कसा तयार होतो ते आकृती काढून समजावलं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि आकृतीवर निवडायचे तांदूळ ओतले.

गौरीचं लग्न अलिबागच्या अनीशशी मेमध्ये व्हायचं, ते टाळेबंदीत अडकलेलं. आता मुलाकडचे मार्गशीर्षातला मुहूर्त म्हणत होते. गौरीने बापाला गाठलं.

"बाबा, मुहूर्त घ्या. पण आई मागचं दार उघडून वाडीत जाईपर्यंत मी घर सोडणार नाही. तुम्ही दोघं असे कडी घालून बसणार, आणि मी तिकडे जाऊन मसालेभात करू?"

"अगं, तो मुलगा म्हातारा होईल."

"होऊ दे. मीही होईन, जोडा शोभेल."

गौरी एकदा बोलली की बोलली, हे शरच्चंद्रांना माहीत होतं. तो गुण तिने आईकडून घेतलेला. त्यांनी मुहूर्त घेतला आणि अट मुलाकडच्यांना कळवली नाही.

वादळाने गावात झावळ्यांचा इतका सडा पडला होता, की ज्याच्या त्याच्या घरी पात्यांमधले हीर सोलून केरसुण्या बांधणं चाललेलं. वाडीत कामाला येणारी पुतळाबाई वहिनींच्या पडवीत झावळ्यांचा ढीग घेऊन बसे.

"काकू, रिकामं बसू नगा. दोन हीर सोला."

"किती केरसुण्या करशील गं?"

"वादळानं केर केला तेवढ्या. कमीच पडत्याल."

वहिनींनी एक हीर उचलला. पुतळाबाईसारखा सोलला नाही, नुसता बोटांत फिरवत बसल्या. शेजारी पोफळीच्या विऱ्या पडल्या होत्या. झावळीच्या बुडाशी खोडाला कवटाळून असतं, ते चामड्यासारखं जाड साल. वहिनींनी एका विरीची पट्टी कातरली, तिच्या चिरफळ्या केल्या, हिराच्या टोकाला दोऱ्याने बांधल्या आणि हीर नारळाच्या काथ्याळ सोडणात खोचला. वीतभर उंचीचा माड उभा राहिला. त्यांनी तो जरा डावीकडे वाकवला.

"हे काय?" गौरीने विचारलं.

"मुंबईकर."

वाडीतल्या माडांना घरात नावं होती. मुंबईकर म्हणजे विहिरीजवळचा, जो फक्त मे महिन्यात धरायचा आणि तेव्हाही कुरकुरत. गौरी आत गेली आणि आईची कातरी धार लावून घेऊन आली.

त्यानंतर पडवीत रोज झाडं उगवू लागली. पोफळींना खराट्याच्या काड्या पुरल्या. पायाला म्हणून वादळाने उखडलेलं न्हाणीघराचं दार आडवं टाकलं. घराचं छप्पर फुटक्या कौलाचं झालं, आणि मदत म्हणून वाटलेल्या निळ्या ताडपत्रीची पट्टी कापून तिचा पाट झाला, विहिरीपासून थेट केळीपर्यंत. कुठे काय होतं, हे वहिनी डोळे मिटून सांगत. शरच्चंद्रांनी उत्तर दिशा दाखवणारा बाण काढायचं सुचवलं. त्यांना केळी रंगवायला बसवलं. वीस वर्षं राजवाड्याची धूळ झटकणाऱ्या बाईच्या हातून एवढं सगळं निघतंय, याचं सगळ्यांत जास्त आश्चर्य तिलाच वाटत होतं. पण मागच्या दाराची कडी तशीच होती. वाडी डोक्यात उभी असताना आडवी बघायला कशाला जायचं?

मार्गशीर्ष आला. सरकारने लग्नाला मोजकीच माणसं बोलवायला सांगितली होती, त्यामुळे कोणाला टाळायचं हा घरोघरीचा जुना प्रश्न परस्पर सुटला होता. देवव्रतला मात्र टाळणं शक्य नव्हतं. तो चुलत दीर, शिवाय मांडवाचा एक खांब त्याच्या हद्दीत. दोन वाड्यांमधल्या दगडी गडग्यात एक माड होता, राखण्या नावाचा. तो कोणाच्या बाजूचा यावरून देवव्रत वहिनींशी कित्येक वर्षं बोलत नव्हता. जेवायला मात्र येई.

पडवीतली वाडीच रुखवत म्हणून मांडवात मांडली. मुलाची आत्या म्हणाली, "झोपाळा नाही का? आमच्याकडे रुखवतात झोपाळा असतो." बाकीचे मात्र वाकून वाकून बघत राहिले, आणि फोटो काढायचं काही वेळ कोणाला सुचलं नाही. गावातल्या एकदोघांनी डोळे पुसले आणि मास्क टोचतो म्हणून सांगितलं.

लग्न लागलं. मुंडावळ्या बांधलेली गौरी आईकडे बघत होती, आई पंगतीकडे. गौरीने अट मागे घेतलेली नव्हती. शरच्चंद्र मनातल्या मनात अलिबागच्या मंडळींना काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत होते. तेवढ्यात देवव्रत हात धुऊन रुखवतापाशी आला, वाकला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा बोलला.

"वहिनी, राखण्या आमचा."

वहिनी जवळ आल्या. राखण्या त्यांच्याच बाजूला खोचलेला होता, गडग्यापासून चांगला आत. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. त्यांच्या डोक्यातल्या वाडीत तो पहिल्यापासून तिथेच होता, आणि डोक्यातल्या वाडीची मोजणी करायला भूमापक येत नाही.

"भाऊजी, तो आमच्याच बाजूला होता."

"गडग्याच्या पलीकडे होता. खड्डा आहे ना अजून. चला, दाखवतो."

"चला," वहिनी म्हणाल्या, "दाखवाच!"

आणि पदर खोचून, पैठणीसकट, त्या तरातरा घरात शिरल्या. मागच्या दाराची कडी गंजली होती. त्यांनी ती दोनदा हिसडली, तिसऱ्यांदा लाथ घातली. दार उघडलं. देवव्रत त्यांच्या मागोमाग गेला.

राखण्या मुळासकट उपटला गेला होता आणि पडताना आजूबाजूचा गडगाही घेऊन गेला होता. खड्डा इतका ऐसपैस, की त्यात दोन्ही वाड्यांची हद्द बुडालेली. देवव्रतने एका कडेला उभं राहून हात दाखवला, वहिनींनी दुसऱ्या. दोघांचंही बरोबर होतं.

बोलता बोलता वहिनींनी मान वर केली. एवढं आभाळ या वाडीत त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पडलेली खोडं उचलून नेलेल्या जागी, गळलेल्या सुपाऱ्यांतून, वाटेल तिथे हिरवे कोंभ वर आले होते. एकही रांगेत नव्हता.

"काय ही लावणी!" त्या पुटपुटल्या. "हे सगळं उचलून रांगेत घ्यायला हवं. पाटाच्या कडेने."

"आमच्याकडे रुजवलेले नारळ आहेत," देवव्रत खड्ड्याकडे बघत म्हणाला. "एक इथे घालू. पण फळं कोणाची?"

"धरेल तेव्हा भांडू. तेवढी वर्षं तब्येत सांभाळा म्हणजे झालं."

देवव्रत त्याच पावली नारळ आणायला गेला. वहिनी खाली बसून कोंभांभोवतालची माती उकरू लागल्या.

मागच्या दारात गौरी येऊन उभी राहिली. तिच्या मुंडावळ्या वाऱ्याने हलत होत्या. ती किती वेळ तिथे होती कोण जाणे; डोळे लाल होते, पण हसत होती.

"आई, मुलाकडचे निघायचं म्हणताहेत. निघू ना मी?"

"नीघ म्हणजे काय! आलेच मी ओटी भरायला. दार तेवढं उघडं ठेव गं, माझे हात मातीचे आहेत."