काळा पट्टा
जळक्या गवताचा वास आला की बायको आठवते. वेल्ह्याच्या डोंगरात आमचं एकलं घर. एका साली तिनं घराभवतीचं वाळलं गवत वीसेक पावलं जाळून काढलं. मी ओरडलो, "म्हशीच्या तोंडचं जाळतीस व्हय?" "आदी म्हस तर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. चैतात वणवा आला. मी म्हस खुट्यावरनं सोडून संगं घेऊन ओढ्याकडं निघालो, तर तिनं दावं धरलं. "उभ्या गवतात कुठं शिरताय? हितं काळ्यावर थांबा." थांबलो. धुरानं डोळं चुरचुरलं, पण आग पट्ट्यापाशी येऊन विझली. सांजेला खालच्या वाडीची माणसं आली. "दादा, पट्टा जाळलात, लई शहाणं काम केलं." मी व्हय म्हणालो. ती म्हशीला पाणी दाखवत होती, ऐकून नुसती हसली. तिला जाऊन चार महिनं झालं. तवा बोललो न्हाई, आता सांगतो. पट्टा तिनं जाळला, मी फक्त ओरडलो होतो.