घरचं चाक

"मोडलं गं पुन्हा तुझं चाक! मी आपली निम्मी वर, निम्मी खाली."

आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या. ओरडल्या म्हणजे काय, श्वास पुरला तेवढंच.

"आले आई." सून उठली. गुडघे कुरकुरले. तिचं यंत्र पुढच्या खोलीत असायचं. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर चढवत वस्तू उभी करणारं. गल्लीत तिला 'चाकवाली' म्हणत. मिक्सरचं, शटरचं, शिलाई मशीनचं, कुणाचंही दातेरी चाक मोडलं की इथं यायचं आणि नवं घेऊन जायचं. ते टिकायचंही. टिकत नव्हतं ते घरचंच.

सासूबाईंची छाती अशी, की आडवं पडलं की श्वास अडकायचा. त्यांच्या खाटेची उशाकडची बाजू मोटरवर उचलली जायची. तिचं चाक झिजलं, आणि तसल्या खाटा बनवणं कंपनीनं कधीच सोडून दिलं होतं. सुनेनं पहिलं चाक हाताशी होत्या त्या साध्या तारेचं केलं. मोटर तापली आणि दाते मेणासारखे वाकले. दुसरं केलं नायलॉनचं. नायलॉन चिवट खरं, पण पावसाळ्यातल्या मिठासारखं हवेतली ओल पितं. गिऱ्हाइकाची तार ती गरम पेटीत दिवसभर वाळवायची. घरच्यासाठी मात्र फळीवर उघडं पडलेलं उरलंसुरलं रीळ लावलं. यंत्रात वितळताना ओली तार तडतडत होती. तिला ऐकू आलं होतं, तरी ती कुकर लावायला निघून गेली.

आता तुकडे हातात होते. आतून वाळवी लागलेल्या लाकडासारखे.

"गिऱ्हाइकाला बरं चांगलं देतेस. मी काय, फुकटची!"

"तसं नाही हो आई."

"तसंच आहे. मीही तुझ्या सासऱ्यांना करपलेलंच वाढायचे."

दोघी हसल्या. सासूबाईंच्या हसण्याचा खोकला झाला, आणि खोकला काही थांबेना. सुनेनं त्यांच्या पाठीला आपला खांदा लावला आणि उबळ ओसरेपर्यंत तशीच बसून राहिली. खांदा भरून आला.

पेटीत एकच रीळ वाळलेलं होतं. ते एका कारखान्याच्या कामाचं, संध्याकाळी द्यायच्या मालाचं. तिनं कारखानदाराला फोन लावला.

"दादा, तुमचा माल उद्या."

"काय हे चाकवाली! तूही शेवटी इतरांसारखीच निघालीस."

"निघाले," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

वाळलेली तार बिनआवाज उतरत राहिली. या खेपेला ती यंत्रापासून हलली नाही. भिंतीला डोकं टेकून नुसती ऐकत बसली. दिवे लागायच्या आत चाक बसवलं, बटण दाबलं. खाट कण्हत कण्हत वर आली आणि तिथंच राहिली. सासूबाईंनी एक लांब श्वास घेतला. मग म्हणाल्या, "जरा जास्तच वर केलंस. मान अवघडते."

"करते खाली."

उशी सारखी करून ती पुढच्या खोलीत आली. कारखान्यासाठी दुसरं रीळ गरम पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि कुणाच्या तरी शटरचं चाक घेऊन कानस चालवायला बसली.