एका बावीवरचे दोन पंप

नाशिकहून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हा पिशवीत कपड्यांपेक्षा वायरीच जास्त होत्या. निरनिराळ्या कंपन्यांची इंटरनेटवर चालणारी यंत्रं एकमेकांची भाषा ओळखत नाहीत. ती ओळखावी म्हणून कुणालाही फुकट वापरता येतील असे खुले नियम आमचा एक गट लिहितो आहे. कागदावर नियम झकास जमले होते. आता ते घिवलीच्या एका पानमळ्यात चालवून बघायचे होते.

बोईसरला रिक्षावाल्याने माझ्या पिशवीतल्या वायरी पाहून विचारलं, "बिजलीघर जाना है क्या?" पानमळ्यात जायचंय म्हटल्यावर सालवड गाव मागे पडेपर्यंत त्याचं हसू थांबलं नाही.

मळा हेमाकाकींचा. त्यांनी ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली आणि जेवताजेवता सगळं सांगितलं. पंप जास्त वेळ चालला की खाडीचं पाणी बावीत (विहिरीत) झिरपतं. गेल्या साली अर्धा मळा त्यानेच करपला. यंदा नव्या वेली लावल्या आहेत, त्याही गेल्या तर मळा मोडायचा असं घरात ठरलं होतं.

पानमळ्यात चपला चालत नाहीत. सकाळी अनवाणी शिरले आणि पहिल्याच वाफ्यात लाल मुंग्यांनी माझा पाहुणचार केला. बावीतलं खारेपण मोजणारी डबी एका कंपनीची, काकींचा पंप दुसरीचा. मिठाच्या पाण्यात डबी बुडवली, तसा पंप निमूटपणे बंद पडला. मी स्वतःवरच बेहद्द खूश झाले.

ही खुशी दुपारपर्यंतच टिकली. बावीवर पंप दोन होते आणि सकाळीच मी दोन्हींत आमचे नियम घातले होते. सकाळची पाळी काकींची, दुपारची त्यांच्या दिराची, म्हणजे वसंतकाकांची. चुली वेगळ्या, बाव आणि पाट एकच. काकांनी मोबाइलवरून आपला पंप सुरू केला आणि ते बाजारात गेले. थोड्या वेळाने डबीचा लाल दिवा लागला, पंप मात्र चालूच. काकींनी पाटातलं पाणी चाखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. पाणी वेलींकडे निघालं होतं. मी म्हटलं, काकी, बटण दाबा.

"त्याची पाळी हाय, बाय. मी हात लावायचा नाय."

काकी वेलींकडे बघत राहिल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. शेवटी मीच धावले आणि बटण दाबलं.

चूक आमचीच होती. आमच्या नियमांत एका यंत्राला एकच मालक. डबी काकींच्या नावावर, म्हणून काकांच्या पंपाने तिला परकी ठरवलं आणि तिचा निरोप कानाआड केला. एका बावीवर दोन घरं असतात, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

काका परतल्यावर भीतभीत सगळं सांगितलं. त्यांनी बराच वेळ वाफ्यातली ओली माती चाचपली.

"माझ्या पाळीला माणसानं हात लावायचा नाय," ते म्हणाले. "त्या डबीनं थांबवला तर चालंल."

हीच परवानगी नियमांत नव्हती. ओट्यावर बसून ती घातली. यंत्राला दोन मालक चालतील, आणि ज्याची पाळी असेल त्याने होकार दिला की त्याचा पंप दुसऱ्याच्या डबीचं ऐकेल. काकांनी मोबाइलवर होकार दिला. पुन्हा मीठ, पुन्हा डबी, आणि काकांचा पंप थांबला. सुटले एकदाची, असं मी मोठ्यानेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत गटाला लांबलचक मेल लिहिला. आमचे नियम सगळ्यांना खुले आहेत, असं आम्ही मिरवत होतो. पण ते लिहिण्याआधी एकाही मळ्यात कुणाला काही विचारलं नव्हतं, याची लाज वाटली. बरं झालं, वेली जायच्या आत कळलं.

विक्रमगड ओलांडलं आणि काकींचा फोन आला. दुपारी पाणी खारं झालं होतं आणि काकांचा पंप आपोआप थांबला होता. वेली बऱ्या होत्या. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"तो म्हणतोय, पुढल्या खेपेला जेवायला त्याच्याकडं यायचं," काकी म्हणाल्या. "मलापण बोलावलंय."