ग्राहकाशी बोलणे झाले

माझ्या मूर्खपणाची यादी लांब आहे. पण आज चहा आहे, वेळही आहे, तर त्यातला सगळ्यात वरचा सांगतो. हसू आलं तर हसा. मला पुरतं हसता आलेलं नाही, म्हणून तुमच्याकडे सोपवतोय.

आधी एवढं लक्षात घ्या की मी मानोऱ्याला शाळेत मराठी शिकवतो, आणि आमच्या घरातलं वायफाय माझं कधीच नव्हतं. ते माझ्या बायकोचं, वंदनाचं. ती पतसंस्थेत संगणकावर काम करायची. कनेक्शन तिच्या नावावर, राऊटर तिने निवडलेला, पासवर्ड तिच्या डोक्यात. राऊटरमधून दोन तऱ्हेच्या लहरी निघतात, हेही तिनेच मला शिकवलं. एक पाच गिगाहर्ट्झची, वेगवान, पण भिंत आली की दमते. दुसरी दोन पूर्णांक चारची, सावकाश जाते, पण मागच्या खोलीपर्यंत पोचते. आणि हे समजावून झालं की वर टोमणा ठरलेला.

"तुमी पाचवाले हा, सर. शायेत लय तेज. घरात भितीच्या पलीकडं काही पोचत नाही तुमचं."

वंदना जाऊन चार महिने झाले होते. रेशनकार्डावरून तिचं नाव कमी झालं, गॅस माझ्या नावावर आला, बँकेतलं खातं बंद झालं. प्रत्येक ठिकाणी मी मृत्यूच्या दाखल्याची प्रत टेबलावर पुढे सरकवायचो, समोरचा वाचायचा आणि मान हलवायचा. तोंडाने काही बोलावं लागायचं नाही. 'वंदना वारली' हे दोन शब्द मी तोवर एकदाही उच्चारले नव्हते. आयुष्यभर मुलांना मोठ्याने वाचा म्हणून ओरडणारा माणूस मी.

राहिलं होतं एक वायफाय. दर महिन्याला तिच्या फोनवर कंपनीचा संदेश यायचा : 'नमस्कार, वंदना. तुमचं कनेक्शन सुरू आहे.' तिला नावाने नमस्कार करणारं जगात एवढंच उरलं होतं. म्हणून मी तिचा फोन रोज चार्ज करायचो. आणि कोणी काही म्हणो, हे एक नाव बदलायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

मग एका रविवारी मुलीचा, मुक्ताचा, जर्मनीहून व्हिडिओ कॉल आला आणि तिचं तोंड उघडं असतानाच चित्र थिजलं. तिने साधा फोन लावून सांगितलं, "बाबा, राऊटर रीस्टार्ट करा."

आता रीस्टार्ट आणि रिसेट यांतला फरक मला आज कोणी झोपेतून उठवून विचारला तरी सांगेन. रीस्टार्ट म्हणजे राऊटर बंद करून पुन्हा चालू करायचा. माणूस डुलकी काढून उठतो तसा, उठल्यावर त्याला सगळं आठवत असतं. रिसेट म्हणजे त्याचा पुनर्जन्म. मागचं नाव नाही, पासवर्ड नाही, कंपनीने दिलेला आयडी नाही, काही नाही. पण त्या दिवशी मला राऊटरच्या पाठीवर एक बारीक भोक दिसलं, त्याच्याशेजारी 'रिसेट' लिहिलेलं. मुक्ता म्हणते ते हेच असणार. वंदनाच्या शिवणाच्या डब्यातली सुई काढली, भोकात घातली आणि दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरली. मनापासून.

सगळे दिवे विझले. मग एकेक करत लागले. इंटरनेटचा मात्र लाल.

मुक्ताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, कंपनीला फोन करा, आयडी आणि पासवर्ड त्यांच्याकडे असतात. नोंदवलेला नंबर वंदनाचा, म्हणून तिच्याच फोनवरून लावला. पलीकडची बाई फार गोड बोलली. म्हणाली, ही माहिती आम्ही फक्त ग्राहकालाच देतो. वंदना मॅडम आहेत का?

इथे शहाण्या माणसाने दोन शब्द बोलायचे होते. मी एकच बोललो. "देतो."

आणि फोनवर हात ठेवून, चोपन्न वर्षांचा मी, आवाज बारीक केला.

तिने जन्मतारीख विचारली, मी सांगितली. कुठला दिवा लाल आहे विचारलं. माझं पुस्तकी मराठी चालणार नव्हतं, वंदना तसं बोलायची नाही. "इंटरनेटचा लाल लागून राह्यला बाई, सकायपासून," मी म्हणालो. चार महिन्यांनी आमच्या घरात ते बोलणं ऐकू आलं. निघालं माझ्याच तोंडातून. मी खुर्चीत बसलो.

बाई म्हणाली, उद्या माणूस येईल, तोच सेटिंग करून देईल. "तुम्ही घरी असाल ना, मॅडम?"

"मी कुठी जातो?" मी म्हणालो. वंदना कायम हेच म्हणायची; आमच्याकडे बायकाही 'जातो'च म्हणतात.

फोन ठेवल्यावर डोक्यात उजेड पडला. उद्या येणारा माणूस मॅडमना शोधणार. मग काय करणार? भिंतीवरचा तिचा फोटो चंदनाच्या हारासकट उतरवला आणि कपाटात तिच्या साड्यांवर ठेवला. ती घरातच आहे असं वाटावं म्हणून तिची चप्पल काढून दाराशी मांडली. एखादा खुनीसुद्धा इतकी तयारी करत नसेल.

आला तो प्रल्हाद. इंझोरीचा, पन्नाशीचा गृहस्थ, त्या भागातल्या सगळ्या वायरी त्याच्याकडे. पूर्वी आमचं कनेक्शन त्यानेच जोडलेलं. त्याने चप्पल बाहेर काढली, शेजारची चप्पल पाहिली आणि विचारलं, "ताई?"

ऐन वेळी माझी जीभ घसरली. घरात आहे म्हटलं असतं तर हाक मारली असती ना त्याने? "माहेरी गेलीय. रिसोडला."

"चप्पल ठेवून?"

मी म्हणालो, नवीन घेतलीय. तो बरं म्हणाला. मग त्याची नजर भिंतीकडे गेली. तिथे रिकामा खिळा होता, आणि त्या खिळ्याखाली फोटोसाठी लावलेला छोटा दिवा इमानाने जळत होता. तो बंद करायचा राहून गेला होता. खिळ्याला दिवा दाखवणारं आमचं एकच घर असेल जिल्ह्यात.

प्रल्हादने बॅग उघडली. खाली बसला, राऊटरला वायर लावली, आयडी घातला. हात चालू आणि तोंडही चालू. राऊटर कपाटात ठेवू नका, उंच ठेवा. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. रिसेटच्या भोकाले हात लावायचा नाही, सर, थे आमच्यासाठी असते. मी वर्गातल्या मुलासारखा हो हो करत होतो. हिरवा दिवा लागला. मी चहा दिला. त्याने कप दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ प्यायलाच नाही.

"सर, कालची तक्रार माह्या मोबाईलवर आली." त्याने ती उघडून माझ्यासमोर धरली. 'राऊटर बंद. ग्राहकाशी बोलणे झाले.' "हे वाचलं अन् गाडीच बाजूले लावली म्या. म्हटलं, कोणाशी बोलले हे?"

मी बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवली.

"ताईले खांदा देणाऱ्यात मी होतो, सर. तुमाले ध्यानात नसन. घाटावरून तुमाले मीच आणलं, याच गाडीवर."

मला खरंच आठवत नव्हतं. त्या दिवसातलं मला काहीच आठवत नाही. कोणीतरी सुई दाबून धरली होती जणू.

तो उठला. बॅगेतून एक फॉर्म काढून टेबलावर ठेवला. नाव बदलायचा. म्हणाला, घाई नाही, वाटलं तर भरा. दाराशी वाकून तिची चप्पल त्याने उचलली आणि आतल्या बाजूला, उन्हातून सावलीत ठेवली. मग गेला.

फोटो मी त्याच दुपारी परत लावला. फॉर्म भरायला आठ दिवस लागले. दाखल्याची प्रत जोडली, पाठवून दिला. आता सुटलो, म्हटलं. पण कंपनीचा नियम असा की नाव बदलण्याआधी जुन्या ग्राहकाची संमती विचारायची. तिच्या फोनवर फोन आला, पलीकडे तीच गोड बोलणारी बाई.

"वंदना मॅडम बोलताय ना?"

या वेळी मी पळालो नाही. आठ दिवस मनात घोकलेलं वाक्य होतं ते. घसा खाकरला आणि स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "वंदना वारली. चार महिने झाले."

ती बाई फार जपून म्हणाली, "सॉरी, मॅडम. आपण त्यांच्या कोण?"

तेव्हा कुठे मला माझा आवाज ऐकू आला. फोन तिचा, बोलणारी बाई तीच, आणि मी घसा खाकरून तो सवयीने बारीक केला होता. इतके दिवस गिळून ठेवलेले दोन शब्द शेवटी बोललो, आणि तेही तिच्याच आवाजात.

मी फोन बंद केला. नाव बदललं म्हणा, कागद होतेच. दुसऱ्या दिवशी प्रल्हाद नवी पावती द्यायला आला. आत आला, फोटोला हात जोडले, खाली बसला, आणि मी चहा ठेवताच त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला.

'नाव बदल. ग्राहक मयत. ग्राहकाशी बोलणे झाले.'