गावकऱ्यांच्या विनंतीवरून

जर्द्याच्या पानाचा वास आला की मी अजून उठून बाहेर जातो. निजामाच्या राज्यात भोकरदनकडच्या एका गावात मी मास्तर होतो. शाळा चावडीशेजारच्या खोलीत भरायची आणि ती चालवायची पाच बड्या जमीनवाल्यांची कमिटी. बैठक असली की पोरांना उन्हात काढून ही मंडळी आत पानं चघळत बसायची. कापूस फुटला होता. पोरांनी सकाळीच पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या भिंतीवर पिचकारी मारून कमिटीतले पाटील म्हणाले, "मास्तर, वेचणी होईस्तोर शाळा बंद ठेवा. पोरांच्या बारीक बोटांनी कापूस बराबर निघतो." त्यांच्याच शेतात रोजानं जाणारी एक बाई दारात उभी होती. "मालक, माही पोरगी आत्ता कुठं वाचाया लागलीय. शाळा बंद करू नका." "मंग तिलाबी वेचाया धाड," पाटील हसले आणि माझ्याकडे वळले, "ठराव जल्दी लिवा. गावकऱ्यांच्या विनंतीवरून, असं लिवा." मी वळणदार अक्षरात लिहिलं आणि शाई वाळावी म्हणून वही उंबऱ्यावर उन्हात ठेवली. तर त्या बाईची पोरगी वाकून एकेक अक्षर लावत वाचू लागली. सगळं वाचून तिनं आईला विचारलं, "आये, तू इनंती केल्ती का?" बाईनं माझ्याकडे बघितलं. मी वही उचलून आत गेलो. आता नातवंडं माझ्या अक्षराचं कौतुक करतात, तेव्हा मला त्या भिंतीवरचे लाल ओघळ दिसतात.