देवाचं पावणं

माझी जोतिबावर श्रद्धा होती असं लिहिलं तर ते खोटं होईल. श्रद्धा आमच्या ह्यांची. सत्तावीस वर्षं आम्ही जर्मनीत काढली. तिथेही दर रविवारी हे खिडकीपाशी उभे राहून हात जोडायचे आणि मी मागून म्हणायची, "अहो, तिकडे डोंगर नाही, सुपरमार्केट आहे." गेल्या तीन वर्षांत ह्यांची आठवण जात चालली. आधी किल्ल्या गेल्या, मग शेजाऱ्यांची नावं, मग मी. जोतिबा मात्र गेला नाही. आम्ही कोल्हापुरात परत येऊन भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहू लागलो, तेव्हापासून रोज एकच धोशा, डोंगरावर जायचं. शेवटी एका रविवारी मी गाडी ठरवली. मनात भक्ती वगैरे काही नव्हती, मी फक्त जिकिरीला आले होते.

निघताना मी ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक कार्ड ठेवलं. त्यावर नाव, आजार आणि माझा मोबाइल नंबर. ही युक्ती तिकडची. तिकडे एकदा हे ट्राममधून भलत्याच ठिकाणी उतरले होते. एका तरुण मुलीने ह्यांच्या कोटातलं कार्ड काढून मला फोन केला, मी पोचेपर्यंत पाऊण तास थंडीत उभी राहिली आणि मी आभार मानत असतानाच नाव न सांगता निघून गेली. तुम्ही कोण, कुठल्या, घरी कोण असतं, एक प्रश्न नाही. मला ती रीत फार आवडली होती. मदत करावी, पण माणसाच्या घरात डोकावू नये. इकडे आल्यापासून मात्र रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत जो तो विचारणार, "कुठलं पावणं? कुणाकडं आलाईसा?" सगळ्यांना आमचा गोतावळा हवा. मी "इथलेच" म्हणून विषय तोडायची.

दर्शन नीट झालं. बाहेर येताना कुणीतरी गुलालाची मूठ उधळली, चांगभलंचा गजर उठला आणि मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा माझ्या हातात ह्यांचा हात नव्हता.

खरं सांगते, पहिली वीस मिनिटं मी हलले नाही. दीपमाळेजवळ मोबाइल हातात धरून उभी राहिले. कार्ड आहे, कुणीतरी वाचेल, फोन येईल. फोन आला नाही. मग मात्र मी तिथून निघाले. चौकीत वर्णन देऊन आले आणि दुकानांपाशी विचारत सुटले, पांढरा सदरा, पांढरा सदरा घातलेले गृहस्थ पाहिलेत का? नारळवाल्याने मानही न वळवता म्हटलं, "बाई, हितं पांढरं कोण ऱ्हायलंय?" मी आजूबाजूला पाहिलं. सगळा डोंगर गुलाबी होता. एका कुटुंबाने माझ्याकडे पाहून आपली पिशवी जवळ ओढली. आपल्याकडे माणुसकी आहे, तिकडे नुसतं यंत्र, असं म्हणणाऱ्या माझ्या परगावच्या नणंदेला मी मनातल्या मनात चार शब्द ऐकवले. आणि त्याच वेळी मला घाट आठवला, त्याची वळणं, रविवारची गाड्यांची रीघ, कठड्यापलीकडची दरी. रस्ता ओलांडताना हल्ली हे कुठेच बघत नाहीत.

पायरीवर एक म्हातारी दवणा विकत बसली होती. तिने हाक मारली, "आक्का, कुणाचं पावणं म्हनायचं तुमी?"

माझा तोल सुटला. "कुणाचंच नाही! इथे आमचं कुणी नाही. माझा माणूस हरवलाय आणि तुम्हाला पाव्हणे कसले सुचतात?"

ती जराही दुखावली नाही. "आसं कसं? डोंगरावर आलाईसा म्हंजे देवाचं पावणं की. बसा. म्हाताऱ्याचं गाव कंचं?"

"गावाचं काय करायचंय? त्यांनी पांढरा..."

"चुकलेलं मानूस गावाकडं जातंय बाई, सदऱ्याकडं न्हाय."

मी बसले आणि इतके दिवस झाकून ठेवलेलं सगळं सांगून टाकलं. ह्यांचं गाव गारगोटीजवळ, भाऊ वारले, घर पडलं, मूलबाळ नाही, आणि ह्यांना मी आठवत नाही. तिने ऐकलं, उठली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "देवाचं पावणं चुकलंय! गारगोटीकडचं म्हातारं हाय, गाडी इचारत फिरत आसंल!"

ती हाक दुकानामागून दुकान पुढे गेली. मघाचा नारळवाला कोयता टाकून उठला. अर्ध्या तासापूर्वी मी कुणाचीच नव्हते, म्हणून माझं दुःखही कुणाचं नव्हतं. आता नातं कळलं होतं. आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, जोतिबाशी बोलले. ती प्रार्थना नव्हती, भांडणच होतं. सत्तावीस वर्षं ह्यांनी तुला हात जोडले, आता तू बघ, मला नाही जमत.

निरोप त्याच वाटेने, दुकानामागून दुकान, परत आला. घाटाच्या तोंडाशी, पहिल्या वळणावरच्या घरात एक पाव्हणे आहेत, गारगोटीची गाडी विचारतात. नारळवाल्याने मला मोटारसायकलवर बसवलं. हे त्या घराच्या सोप्यात मांडी घालून पुरणपोळी जेवत होते, नखशिखांत गुलाबी. भर रस्त्यातून चालले होते, एका जीपने करकचून ब्रेक मारला तेव्हा त्या घरच्या मालकांनी हाताला धरून आत आणलं. घरची सून दारात आडवी उभी राहिली, "तुमी कोन ह्यांच्या?" सगळं सांगितल्यावरच तिने मला आत घेतलं. कार्ड खिशात तसंच होतं. मी विचारलं, "हे वाचलं का नाही हो?" तिने जीभ चावली. "आवो, पावण्याच्या खिशात हात कोन घालंल?"

मी हसले आणि हसता हसता रडू फुटलं. तिने ह्यांना विचारलं, "आजोबा, वळखलं का? ह्या कोन?"

ह्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "पावण्या हायत. लांबनं आल्यात. च्या द्या त्यास्नी." आणि सरकून सतरंजीवर माझ्यासाठी जागा केली.

एरवी मी म्हटलं असतं, नीट बघा, माझं नाव सांगा. मला विसरल्यापासून मी रोज तीच परीक्षा घेत होते आणि रोज रागावत होते. त्या दिवशी नाही म्हटलं. दुखलं, फार दुखलं, पण बसले आणि चहा घेतला. दवणेवालीच्या तोंडून देव बोलला की एक शहाणी म्हातारी बोलली, ह्यावर मी वाद घालणार नाही. मी तिला हात जोडते, आणि तिकडे थंडीत उभ्या राहिलेल्या त्या मुलीलाही त्याच हातांनी नमस्कार करते. तिने काही न विचारता सांभाळलं, डोंगरावरच्या माणसांनी सगळं विचारून सांभाळलं.

आता रोज सकाळी हे विचारतात, कोण तुम्ही? मी सांगते, पावणी. मग हे सरकून जागा करतात आणि मी त्यांच्याशेजारी बसते.