उटनूरची जाळरेषा

जंगल खात्याच्या कचेरीतले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. उन्हाळा आला, वारा सुटला की ते आपोआप साचतात, सागाखालच्या पाचोळ्यासारखे. निजामाच्या काळात मी उटनूरला मुन्शी होतो. त्यातला एक उन्हाळा फार वाईट! पावसाने दगा दिलेला, शिवारात चाऱ्याची काडी नाही. राखीव जंगलातलं वाळलेलं गवत तेवढं उरलेलं, ते जेठात कापायला खुलं होणार होतं. तोवर पेटलं असतं तर गावची जनावरं संपली होती.

*

आमचे अमीनसाहेब, म्हणजे रेंजर, हैदराबादचे. सज्जन, पण घाबरट. त्यांनी फर्मान काढलं, कचेरीतल्या सगळ्यांनी काडेपेट्या जमा करा! त्या लोखंडी पेटीत कोंडून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून ते दौऱ्यावर गेले. संध्याकाळी चूल पेटेना, कंदील पेटेना. शेवटी मी आणि चौकीदार रघोबा विस्तव मागायला भीमाबाईच्या दारी. जंगलाच्या कडेला राहणारी ही गोंड बाई जिभेने भलतीच तिखट. खापरात निखारा देत म्हणाली, "जपून न्या जी मुन्शीजी, जंगल पेटन!"

*

आग पुढे सरकू नये म्हणून जंगलातला एक लांब पट्टा आम्ही थंडीतच जाळून मोकळा करायचो. तीच जाळरेषा. त्या उन्हाळ्याआधीच्या थंडीत साहेब जातीने उभे राहिले आणि नेमका वारा फिरला! कडेला दोरीवर त्यांची शेरवानी वाळत होती. रघोबाने फांदीने बडवून विझवेपर्यंत शेरवानीची बंडी झाली होती. साहेब शांतपणे म्हणाले, "लकीर ज़रा चौड़ी हो गई!"

*

मग मोह फुलला. फुलं वाळवायला बायकांना हवं साफ अंगण, आणि आमच्या रेषेइतकं साफ अंगण साऱ्या तालुक्यात नव्हतं! साहेबांचा हुकूम होता, रेषेवर पाऊल नको. रघोबा एका टोकाने हुसकायचा, बायका दुसऱ्या टोकाने यायच्या.

"काऊन ऐकत नाही वो बाई?" रघोबा विचारायचा.

"अंगण तुमीच केलं, आमी काय करावं?" भीमाबाई झाडता झाडता म्हणायची.

*

आणि एका दुपारी डोंगराकडून धूर आला. साहेब, रघोबा आणि मी पळसाच्या फांद्या घेऊन धावलो. रेषेवर पोचतो तर गावातल्या बायका आधीच फांद्या घेऊन उभ्या! ठिणगी उडून आली की पडल्या जागी बडवत होत्या. आग रेषेपलीकडेच निमाली. गवत वाचलं, जनावरं वाचली. मी मटकन खाली बसलो आणि पोटभर रडलो.

साहेबांनी हात जोडले, "सरकार आपकी शुक्रगुज़ार है."

"सरकारचं काय घिऊन बसले जी!" भीमाबाई खेकसली. "माहे फुलं वाळून राह्यले ना तिथं!"

*

पुढच्या उन्हाळ्यात मोठे साहेब तपासणीला आले. बघतात तर रेषाभर मोहफुलं पसरलेली, घोड्याला पाय टाकायला जागा नाही! ते कडाडले, "ये क्या तमाशा है?"

आमचे अमीनसाहेब एरवी त्यांच्यापुढे तोंड उघडत नसत. त्या दिवशी ताठ उभे राहून म्हणाले, "हुज़ूर, पहरा है."